जुळवून घ्यायचं कुणी?

जुलै लागला की आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी फूट विचारले जातात. सासूबाई माजघरातूनच हाक मारतात, "किती झालं गं?" आणि मी फोन बघून सांगते, "छत्तीस फूट चार." राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची ही पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे दोन आकडे कोल्हापुरातल्या पोराटोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. पाठोपाठ राधानगरी धरणाची बातमी येते. एक दरवाजा उघडला, दुपारपर्यंत आणखी दोन. मग सासूबाई उठतात आणि तांदळाचा डबा कुठल्या फळीवर आहे ते बघून येतात. त्या घाबरलेल्या नसतात. पण २०१९ नंतर हे बघून आल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही.

माझ्या लहानपणी हे आकडे आमच्यापर्यंत येत नव्हते. तेव्हा मच्छिंद्री होती. शिवाजी पुलाच्या दगडी खांबांवरचा माशासारखा आकार पाण्याखाली गेला की पेठापेठांतून एकच बातमी फिरायची, "मच्छिंद्री झाली!" वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून पाणी दाखवायला न्यायचे. अर्धं गाव छत्र्या घेऊन तिथं उभं असायचं. कणसं भाजणाऱ्यांची चलती असायची. आजी खण-नारळ द्यायची आणि बजावायची, "ओटी भरून या, नुसतं बघून येऊ नका." पूर हा तेव्हा नदीचा सण होता. नरसोबाच्या वाडीला तर आजही कृष्णेचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की त्या सोहळ्यात स्नानाला लोक धावतात. पाणी यायचं, मळीच्या रानात गाळ सोडून जायचं, शेतकऱ्याला तो गाळ हवा असायचा. नदी येणार आणि जाणार, हे धरूनच इथल्या माणसानं आपलं घर, गोठा, पेव, पायवाट आखलेली होती.

ते सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. १९८९च्या पुरात किती घरं पडली हे नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पण पूर कुठवर येतो याचा एक अंदाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. तो अंदाजच आता मोडला आहे.

२००५ साली पाणी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबलं. आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या मागच्या बाजूला राहतो. जयंती नाला जवळ. नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि नदी पाठीमागच्या दारानं शहरात शिरते. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. आमच्या तळमजल्यात ते छातीएवढं होतं. वरच्या खोलीत आम्ही सहाजण, एक शेगडी आणि शेजारच्या काकींची दोन नातवंडं. बाहेर जिकडं बघावं तिकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण शहराला पाणी उपसून देणारे नदीकाठचे पंपच बुडाले होते. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. पेट्रोल नाही, दूध नाही. जिल्ह्यातले दोन लाखांवर लोक घर सोडून निघाले होते. पाणी उतरल्यावर भिंतींना जो वास राहिला तो दिवाळीच्या रंगानंही गेला नाही.

आम्ही एकमेकांना समजावलं की असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पाणी ५६ फूट ३ इंचांवर गेलं.

हे का होतं याचं उत्तर अवघड नाही. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. ते बाष्प घाटमाथ्यावर येऊन ओततं तेव्हा महिन्याचा पाऊस दोन-चार दिवसांत पडतो. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आमच्या जिल्ह्याची तर ठेवणच अशी की गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि शिरोळ तालुका मात्र पर्जन्यछायेत. बावड्यात कोसळतं आणि बुडतं शिरोळ, तेही कधीकधी डोक्यावर ऊन असताना.

आता सगळीकडं एक शब्द ऐकू येतो, अनुकूलन. सरकारी अहवालांत, परिषदांत, पेपरातल्या लेखांत. बदलणाऱ्या हवामानाशी जुळवून घेणं. शब्द बरोबर आहे, गरजही खरी आहे. पण 'जुळवून घे' हे शब्द आमच्यातल्या कुठल्याही बाईनं पहिल्यांदा कधी ऐकले असतील? लग्नाच्या मांडवात. "सासरी जुळवून घे हो बाळ." मायेनं म्हणतात, डोळे पुसत म्हणतात. नवऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना ते म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. ज्याच्या हातात काही नाही त्यालाच आपण जुळवून घ्यायला सांगतो. हवामानाचं बोलणं निघालं की मला हा मांडवच आठवतो.

जगाच्या पातळीवरही हेच चाललं आहे. दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून ज्यांनी घरं उबदार केली ते एकीकडं, आणि समुद्र वर येतोय म्हणून बेटं सोडून जाणारे दुसरीकडं. २०२२ साली इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत नुकसानभरपाईचा निधी करायचं मान्य झालं, तेसुद्धा तीस वर्षं मागून मागून. भारतानं तिथं गरीब देशांच्या बाजूनं बोलावं, ते योग्यच आहे. पण तिथं आपण जे दिल्लीला बोलायला लावतो ते कोल्हापुरात आपण जयंती नाल्याकाठच्या माणसाशी बोलतो का?

कारण फूट सगळ्यांना सारखे नसतात. आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी नाल्याकाठी राहतात. पाणी ३९ च्या जवळ गेलं की त्यांची बोचकी बांधून तयार. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यातली कुटुंबं तर धोक्याची पातळी यायच्या आधीच दरवर्षी चित्रदुर्ग मठात हलवली जातात. आपल्या शहराला त्याची इतकी सवय झालीय की पेपरात ती दोन ओळींची बातमी असते. आमच्या घराला ५० फुटांपुढं धक्का लागतो. टेकाडावरच्या बंगल्यांना ५६ फुटांतही फक्त वीज नसल्याचा त्रास. एकाच नदीचा एकच आकडा, पण तो ऐकून कोण कधी जागं होतं हे जमिनीच्या भावानं ठरवलेलं आहे. खोलगट जागा स्वस्त असते, म्हणून तिथं गरीब जातो. मग आपण त्याला विचारतो की नाल्याकाठी राहायला तुला सांगितलं कुणी.

आम्ही काय केलं ते सांगते. २०१९ नंतर कर्ज काढून तळमजला पाडला, मुरमाचा भराव टाकून जोतं चार फूट वर घेतलं, विजेचे बोर्ड छताजवळ नेले, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर हलवलं. सगळे म्हणाले, शहाणपण केलंत. आम्हालाही तसंच वाटलं. शेजारच्या काकींचं घर बैठं, कौलारू. त्या मूर्तिकारांच्या घरातल्या. गणपतीचं काम पुढच्या पडवीत चालतं. आमचा भराव पडत होता तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमी घर वर घेतलासा, बरं केलासा. पर मग त्ये पाणी जाणार कुठं?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. २०२१ला ते कळलं. आमच्याकडं जोत्याच्या वर जेमतेम वीतभर पाणी चढलं. काकींच्या पडवीत ते २०१९पेक्षाही जास्त होतं. गणेश चतुर्थीला दीड महिना राहिला होता आणि घरात तयार होत आलेल्या मूर्ती होत्या. शाडूच्या मूर्ती पाण्यात बसल्या जागी विरघळल्या. आधी कान गेले, मग सोंड, मग पाटावर नुसता चिखलाचा गोळा. नंतर पंचनाम्याला आलेल्या माणसांना कच्च्या मूर्तीची किंमत कशी लावायची ते कळेना. बिलं कुठली असणार? मातीचं बिल नसतं आणि हाताचं तर नसतंच.

आमच्या चार फुटांनीच ते पाणी तिकडं ढकललं, असं अगदी सरळ गणित नाही. पाणी ५६ फुटांवर गेल्यावर एका घराच्या भरावानं फार बिघडत नाही. पण गल्लीत आमच्यासारखी अकरा घरं वर गेली आहेत, मी मोजली. शहरभर अशी किती, नाल्यावर आलेल्या इमारती किती, पूररेषेच्या आत टाकलेले भराव किती? शिरोलीजवळचा महामार्ग स्वतःच मातीच्या उंच भरावावर आहे. तिथं मोऱ्या न ठेवता खांबांवरचा पूल करा, म्हणजे पाण्याला वाट मिळेल, असं लोक गेली कित्येक वर्षं ओरडून सांगत आहेत. ज्याला परवडतं तो स्वतःला उचलून घेतो आणि पाणी, ज्याला परवडत नाही त्याच्या दाराशी जातं. याला मी अनुकूलन म्हणणार नाही. ही ढकलाढकली आहे आणि तिच्यात मीही सामील आहे.

नियम नाहीत असं नाही. निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर जातो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको आणि निळ्या-लालच्या मध्ये अटी घालूनच. कागदावर हे चोख आहे. पण रेषा सरकल्या की जमिनीचे भाव सरकतात, म्हणून प्रत्येक पुरानंतर रेषा नव्यानं आखायची चर्चा निघते आणि प्रत्येक वेळी ओढाताण होते. त्या ओढाताणीत बिल्डर असतो, प्लॉटधारक असतो, नगरसेवक असतो. मावशी नसतात. त्यांच्या घराला मुळात उतारा नाही, त्यामुळं रेषा कुठंही गेली तरी त्या तिच्या बाहेरच्याच.

उताऱ्यावरून आठवलं. शिरोळ तालुक्यात माझ्या आत्याचं घर आहे. तिथला पूर शहरातल्यासारखा दोन-चार दिवसांत उतरत नाही, साचून राहतो. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, वारणेचं पाणी त्याच्या आधीच कृष्णेत आलेलं असतं. सगळ्यांनाच एका वाटेनं पुढं जायचं असतं. आठ-दहा दिवस ऊस पाण्यात राहिला आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या सुरळीत, गाळ बसला की शेंडा मरतो, कांडी आतून कुजते. वरून हिरवा दिसणारा फड मोडून बघितला की आंबूस वास येतो. आतेभावाला भरपाई मिळाली, थोडी का होईना. पण ते रान प्रत्यक्षात कसणारा माणूस दुसराच होता. वाट्यानं, फाळ्यानं करणारा. खत त्याचं, राबणूक त्याची, सोसायटीबाहेरून उचललेलं कर्ज त्याचं. सातबारावर नाव भावाचं, म्हणून पैसे भावाच्या खात्यात. भावानं त्याला निम्मे दिले. हा त्याचा चांगुलपणा. पण व्यवस्था चांगुलपणावर सोडायची नसते. भांगलणीला जाणाऱ्या बायकांचा तर दोन महिने रोजगार बुडाला. पंचनाम्याच्या कागदावर त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. २०१९ला एक शासन निर्णय निघाला होता, घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर मोफत धान्य. किती तास बुडालात त्यावर मदत मोजायची, हे ऐकून गावात माणसं सुन्न झाली होती.

आणि मग येतो स्थलांतराचा प्रश्न. शहरात बसून तो फार सोपा वाटतो. 'दरवर्षी बुडतात तर जात का नाहीत उंचावर?' मीही हे म्हणत असे. चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९च्या पुरानंतर सोनतळीला जागा देण्यात आल्या. काही गेले, पुष्कळ गेले नाहीत, काहींनी दोन्हीकडं पाय ठेवले. चिखलीत दिलेली माझी मैत्रीण आहे. तिच्या ओसरीवर बसून मी हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या सासऱ्यांनी बोलायला सुरुवात केली ती म्हशींपासून. "प्लॉटवर माणूस झोपंल. म्हशी कुठं बांधू? वैरण नदीकाठी, धार पाचला, डेअरीची गाडी हितं. सोनतळीवरनं रोज वैरणीला येऊ?" त्यांच्या घरात १९८९ला एक चूल होती, आता चार आहेत. प्लॉट एकच. शेवटी ते म्हणाले, "आमाला कुणी इचारलं न्हाई बाई, कसं घर पायजे. मोजून दिलं."

हे 'मोजून दिलं' माझ्या डोक्यातून जात नाही. पूर येणार, माणसं हलवावी लागणार, याबद्दल त्या म्हाताऱ्यांचं दुमत नव्हतं. पूर त्यांनी माझ्यापेक्षा जास्त बघितलेत. गोठ्यासह घर, वाढत्या कुटुंबाला जागा, आणि पूर नसेल तेव्हा रान कसायला जवळची वाट, एवढंच त्यांना हवं होतं. ग्रामसभेत चार संध्याकाळी बसून हे कळलं असतं. त्या चार संध्याकाळी न घालवल्यामुळं तीस वर्षं गेली.

त्याऐवजी आपण काय बोलत बसतो? अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. पूर आला की कर्नाटकाकडं बोट. शिरोळच्या माणसाची भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. अलमट्टीत पाणी ५१९.६० मीटरपर्यंत साठवतात, कृष्णा पाणीवाटप लवादानं ५२४.२५६ मीटरपर्यंत उंची वाढवायला मान्यता दिली आहे, आणि फुगवटा वाढला तर आपल्याकडचं पाणी आणखी रेंगाळेल, ही चिंता रास्त आहे. त्यासाठी महाराष्ट्रानं भांडलंच पाहिजे. पण २०१९च्या पुरानंतर राज्य सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. तिनं अतिवृष्टी सांगितली आणि पात्रातली अतिक्रमणं, अडथळे दाखवले. तो भाग मात्र कुणाच्या भाषणात येत नाही. अलमट्टी लांब आहे, तिथले लोक आपले मतदार नाहीत. भराव घालणारा मात्र आपल्याच गल्लीतला, आपल्याच मंडळाचा वर्गणीदार असतो.

कोल्हापूरला तरी ही गोष्ट नव्यानं शिकवायला नको. १८९६-९७च्या दुष्काळात, गादीवर येऊन तीनच वर्षं झालेल्या शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, जनावरांसाठी वैरणीची सोय केली. पुढं राधानगरीला भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. ते त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, स्वातंत्र्यानंतर झालं. हवामानबदल हा शब्द जन्मायच्या आधीचं हे अनुकूलन आहे. त्या राजानं १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, आणि धरणही बांधायला घेतलं. ही दोन वेगवेगळी कामं आहेत असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. पाणी अडवायचा निर्णय जिथं होतो त्या कचेरीत कोण बसलेलं आहे, यावर पाणी कुणाकडं जाणार हे ठरतं. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्याच दाबानं उघडतात, कुणाला विचारत नाहीत. नंतरच्या धरणांचे दरवाजे माणसं उघडतात, म्हणून तिथं कधी, किती आणि कुणासाठी हे प्रश्न आले. हे प्रश्न विचारायला लोकांचा माणूस तिथं हवा.

काही कामं झाली आहेत, ती नाकारू नयेत. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं २०२३च्या नोव्हेंबरमध्ये शहरात पाणी आलं. पण काठावरच्या गावांचे पंप काठावरच आहेत. आता जागतिक बँकेच्या मदतीनं कृष्णा खोऱ्यातल्या पुरावर मोठा कार्यक्रम आखला जातोय, पुराचं पाणी दुष्काळी भागाकडं वळवायचं बोललं जातंय. व्हावं. माझी मागणी लहान आहे. त्यातला जो भाग माझ्या वॉर्डात, आत्याच्या गावात, चिखलीत येणार आहे तो मराठीत, मोठ्या नकाशावर, चावडीच्या आणि वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लागावा. कुठल्या फुटाला कुठली गल्ली हे त्यावर असावं. भरपाईच्या कागदावर कसणाऱ्याचा, राबणाऱ्या बाईचा आणि मूर्तिकाराचा रकाना असावा. निवाऱ्याची जागा ठरवताना बायकांना विचारावं. २०१९ला एका शाळेत चारशे माणसं आणि दोन संडास होते. तिथं बायका दिवसभर पाणी पीत नव्हत्या. हे एकाही अहवालात मी वाचलेलं नाही.

२०२४च्या जुलैत पाणी पुन्हा ४७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत आलं नाही. काकींच्या मूर्ती आम्ही आधीच आमच्या वरच्या मजल्यावर नेल्या होत्या. तीन दिवस जिन्यातून शाडूचे गणपती वाहून नेताना हात भरून आले आणि सासूबाईंनी त्यांच्या खोलीतला पलंगसुद्धा काढायला लावला. मावशी निवाऱ्यात होत्या. भाकरी आणि खर्डा घेऊन मी तिकडं गेले. सतरंजीवर नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, आज किती?"

"सत्तेचाळीस."

"तुमच्यात येतंय का?"

"नाही. आमच्याकडं आता चोपन्न-पंचावन्नला येईल."

त्या जरा वेळ गप्प बसल्या. नातीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "आमी एकोणचाळीसालाच भाईर हाय."